उशीतल्या बाई

मगदूम बाईंना भाजी आणायला बाहेर पडायची चोरी झाली होती.

इचलकरंजीच्या त्या मंडईत त्यांची उभी हयात गेली, पण आजवर त्यांच्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं. पाहण्यासारखं काही नव्हतंही. ठेंगणा बांधा, सुती साडी, नाकावरून घसरणारा चष्मा. पहिली-दुसरीच्या वर्गांना शिकवून निवृत्त झालेली बाई जशी दिसते, तशा त्या दिसत. चेहऱ्यावरून त्यांना आताही कोणी ओळखत नव्हतं. घोटाळा व्हायचा तो त्यांनी तोंड उघडलं की.

त्या दिवशी बाईंनी मनाशी ठरवलं होतं, बोलायचं नाही. बोटाने दाखवायचं आणि पिशवी पुढे करायची. पण गवार जून दिसली आणि सवयीने तोंडून निघून गेलं, "हं… ही कालचीच दिसते की गं, रुक्मिणी?"

झालं. शेजारच्या गाड्यापाशी आईच्या कडेवर पेंगणारं एक पोर ताठ झालं. मागे कोणाचं तरी रडणं चालू होतं ते मधेच थांबलं. आणि केळीवाल्यासमोर उभी असलेली सहा-सात वर्षांची एक मुलगी आईचा हात सोडून जी धावत सुटली, ती बाईंच्या कमरेला मिठी घालूनच थांबली.

"बाई! उशीतल्या बाई!"

"अगं, अगं, टोमॅटो चेपतील," बाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण त्यांचा हात आपसूक पोरीच्या डोक्यावर गेला होता.

"घ्या!" रुक्मिणी भाजीवाली हसायला लागली. "बाई, तुमची शाळा काय सुटंना बघा अजून. मग रिटायर कशाला झालासा?"

तेवढ्यात पोरीची आई धापा टाकत आली. अंगावर सूतगिरणीचा निळा कोट, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. "रेवू! असं कुणालाबी जाऊन…" म्हणता म्हणता ती बाईंकडे बघून थबकली. "तो उशीतला आवाज तुमचा हाय व्हय?"

"हो बाई. माझाच."

"सात सक्कं," रेवू खालून म्हणाली. ती उत्तर मागत नव्हती. तुम्ही मला विचारा, एवढंच तिचं मागणं होतं.

"हं… सात सक्कं?" बाईंनी विचारलं.

"बेचाळीस!" रेवू ओरडली आणि तिने बाईंच्या निऱ्यांत तोंड खुपसलं. बेचाळीस, बेचाळीस असे आणखी दोन-तीन कोवळे आवाज गर्दीतून कुठून कुठून आले. गवार न घेताच बाई घरी आल्या, आणि त्या संध्याकाळी त्यांना जेवणही नीट गेलं नाही. आनंद झाला की पोट भरल्यासारखं व्हायचं, ही त्यांची लहानपणापासूनची खोड होती.

*

हे सगळं झालं ते एका उशीपायी.

हिशेब करायला यंत्रं आहेत, मग मुलांना पाढ्यांची शिक्षा कशाला, असं म्हणणाऱ्यांची मधली काही वर्षं चलती होती. त्याचं फळ पुढे दिसलं. सात आठे किती यासाठीही मुलं यंत्राला विचारत, आणि अपूर्णांक आले की तिथे त्यांची गाडी रुतून बसे. लहान लहान उत्तरं शोधण्यातच डोकं गुंतलं, तर मोठ्या प्रश्नासाठी त्यात जागा उरत नाही. तेव्हा पाढे परत आले. पण पाढे म्हणून घ्यायला आता घरात वेळ कोणाला होता? पुण्याच्या एका कंपनीने 'उजळणी' नावाची उशी काढली ती ही अडचण बघून.

कल्पना सोपी होती. दिवसभरात आपण जे शिकतो ते मेंदू आधी एका कच्च्या जागी ठेवतो. गाढ झोप लागली की मेंदूतल्या विजेच्या लाटा संथ आणि मोठ्या होतात, आणि त्या वेळी तो दिवसभरातलं सगळं पुन्हा एकदा चाळतो. त्यातलं काही टाकतो, काही पक्क्या जागी हलवतो. आता शिकताना कानावर पडलेला एखादा आवाज त्या संथ लाटेच्या बरोबर माथ्यावर, झोप मोडणार नाही इतका हळू, पुन्हा ऐकवला तर मेंदू नेमकी तीच आठवण पुन्हा उचलतो आणि ती घट्ट करतो. प्रयोगशाळांना हे पुष्कळ आधीपासून ठाऊक होतं. कंपनीने ते उशीत बसवलं, इतकंच. संध्याकाळी मुलाने एका छोट्या डबीबरोबर पाढ्यांचे खेळ खेळायचे, डबीतल्या आवाजाबरोबर उड्या मारायच्या, टाळ्या द्यायच्या, सागरगोटे झेलायचे. मग झोपायचं. बाकीचं उशी बघून घेई.

डबीत आवाज हवा होता. नट्यांचे आवाज ऐकून झाले, यंत्राने बनवलेले ऐकून झाले. मुलं ऐकत, पण खेळत नसत. मग कंपनीतल्या डॉ. केतकी राजगुरव हिला दुसरीच्या वर्गातल्या आपल्या बाई आठवल्या. ती इचलकरंजीची. तिने बाईंना शोधून काढलं आणि पुण्याला नेलं.

बाईंच्या आयुष्यातला तो सोन्याचा काळ होता. लग्न राहून गेलेलं. आई अंथरुणाला खिळलेली, तिचं करता करता वय उलटलं. आई गेली, मग शाळा सुटली, आणि मग घरात जी शांतता आली तिने बाईंना पार खाऊन टाकलं. टीव्ही त्या ऐकण्यासाठी लावतच नसत, सोबतीला लावत. "चहा टाकते हं," असं त्या मोठ्याने म्हणत आणि स्वयंपाकघरात जात. बोलायला कोणी नसल्याने आवाज इतका बसला, की फोनवरच्या डॉक्टरणीने औषध म्हणून रोज थोडं बोलत जा असं सांगितलं. कोणाशी, ते सांगितलं नाही. अशा बाईला पुण्यात काचेच्या खोलीत बसवून चार शिकलेली माणसं कानाला यंत्रं लावून तिचा श्वासही टिपून घेत होती. बाई खुलल्या तर नवल काय?

आणि तिथेच एक चूक झाली.

प्रश्न विचारण्याआधी "हं…" म्हणून थांबायची बाईंना सवय होती. ते 'हं' लिहून दिलेल्या मजकुरात नव्हतं. ध्वनी साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरने दर वेळी तो नको असलेला आवाज म्हणून लाल करून दाखवला. पण ऐकायला बसलेली सगळी माणसं आपापल्या गावच्या मराठी शाळांतून आलेली. बाई म्हटलं की 'हं' आलंच. त्यांना तो आवाज खटकलाच नाही, आणि लाल खुणा त्यांनी एकेक करून पुसून टाकल्या.

रात्री कोणता आवाज ऐकवायचा हे उशी स्वतःच शिकत जाई. आज एक ऐकवून बघायचा, उद्या दुसरा, आणि दुसऱ्या दिवशीच्या खेळात मुलाचं कशाने जास्त बरोबर येतं ते पाहून तोच ठेवायचा. काही आठवड्यांतच महाराष्ट्रभरच्या उशांनी टाळ्या टाकल्या, सागरगोट्यांचा खुळखुळाट टाकला, पाढेसुद्धा टाकले. प्रत्येक प्रश्नाआधी येणारा, म्हणून सगळेच पाढे जागवणारा एकच आवाज त्यांनी ठेवला. मुलं गाढ झोपेत असताना, रात्रभर, लाटेच्या माथ्यावर, मगदूम बाईंचं ते "हं…".

*

मंडईतल्या त्या दिवसानंतर रेवूची आई, सानिका आवटी, पोरीला घेऊन बाईंच्या दाराशी आली.

"बाई, राग मानू नका. हिचा बाबा पुण्याला कामाला, पंधरा दिसांनी येतो. माझी दुपारपाळी असली की ही शेजारी बसती, पण तिथं काय खात न्हाई, काय न्हाई. तुमच्याकडं जायाचं म्हणून धोशा लावलाय. जरा बसू दिली तर…"

"बसू दे की. मला तरी काय कामं आहेत?" बाई म्हणाल्या. आवाज अगदी बेताचा ठेवून म्हणाल्या, पण सानिकाची पाठ वळताच त्यांनी कपाटावरचा सागरगोट्यांचा डबा काढला.

मग रोज संध्याकाळी गच्चीत पाढ्यांचा धुमाकूळ सुरू झाला. बाईंनी खडूने टिक्कर आखली. घरांत सात, चौदा, एकवीस असे आकडे, पण वाटेल तसे विखुरलेले. बाई म्हणायच्या, "हं… सात पाचे?" की रेवूने लंगडत पस्तिसावर जायचं. सागरगोटे तीन तीन उचलताना तिनाचा पाढा, चार चार उचलताना चाराचा. आणि सगळ्यांत लाडका खेळ बाईंना चोर पकडायचा. बाई साळसूद चेहऱ्याने पाढा म्हणत सुटायच्या आणि मधेच ठोकून द्यायच्या, "आठ साते चौपन्न."

"चुकलात! छप्पन्न! बाई चुकल्या!"

"छट्, मी कशी चुकेन?"

"चुकलात! लंगडी! टाकीपर्यंत लंगडी!"

आणि साठी उलटलेल्या मगदूम बाई साडी खोचून टाकीपर्यंत लंगडी घालायच्या. समोरच्या गच्चीवर सौरपट्ट्या पुसणारं यंत्रसुद्धा माणूस मधे आला असं समजून थांबायचं. रेवू हसून हसून जमिनीवर लोळायची, मग उठून बाईंच्या मांडीत येऊन बसायची आणि तिथंच पेंगायची.

बाईंना आयुष्यात इतकं सुख झालं नव्हतं. आपल्या पोटी पोर असतं तर याच्यापेक्षा वेगळं काय असतं, असं त्यांच्या मनात यायचं, आणि त्याची त्यांना लाजही वाटायची. सानिका पाळी संपवून यायची तेव्हा रेवू जायला तयार नसायची. "दमली असेल गं, म्हणून करते," बाई म्हणायच्या. सानिका हसायची. ते हसू जरा कोरडं असतं हे बाईंना दिसत होतं. पण दिसलेलं सगळं बघायलाच पाहिजे असं थोडंच आहे?

*

एका दुपारी केतकी पुण्याहून आली. चहा झाला, इकडच्या तिकडच्या चौकशा झाल्या, तरी ती मुद्द्यावर येईना. शेवटी बाईच म्हणाल्या, "हं… बोल आता. वर्गात पण तू अशीच चुळबुळायचीस."

केतकीने मान खाली घातली. "बाई, उशीचं काहीतरी बिघडलंय. म्हणजे बिघडलेलं नाही. फारच चांगलं चाललंय."

"मुलांचे पाढे कच्चे राहिले का?"

"पाढे पक्के आहेत. पण मेंदू कुठलीच गोष्ट सुटी ठेवत नाही. सात सक्कं बेचाळीस ठेवलं की त्याच्या भोवतीचं सगळं ठेवतो. कोण विचारत होतं, कसं वाटत होतं, उत्तर यायच्या आधी कोण थांबलं होतं. उशीला आम्ही सांगितलं पाढे पक्के कर, तिने केले. त्यांच्याबरोबर तुम्हीपण पक्क्या झालात."

बाईंनी घसरलेला चष्मा वर सरकवला.

"आयांचे फोन येताहेत," केतकी म्हणाली. "मूल दचकून उठलं की आईला हाक मारत नाही, बाई म्हणून रडतं. ताप आला तरी बाई. आम्ही मोजून पाहिलं. मूल बावरलेलं असताना तुमचा आवाज ऐकवला की काळीज शांत होतं. आईचा ऐकवला तर फरक कमी पडतो. काही मुलांत तर पडतच नाही."

"म्हणजे त्यांचं माझ्यावर प्रेम आहे," बाई हळूच म्हणाल्या.

केतकीने कप खाली ठेवला. "त्यांना तुम्ही माहीत नाही, बाई. पण वाटतं ते खरं आहे. यंत्राने घातलं म्हणून खोटं होत नाही."

"मग काढायचं कशाला?"

"कारण ते दुसऱ्या कोणाच्या तरी जागेवर बसलंय."

बाईंनी कपबशा उचलल्या, मोरीत नेऊन ठेवल्या आणि तिथूनच विचारलं, "मी नाही म्हटलं तर?"

"तर आम्हाला त्या आवाजात काही बदलता येत नाही. आवाज तुमचा आहे, कायदा तुमच्या बाजूने आहे."

"मग नाही. उभा जन्म मी लोकांची पोरं सांभाळली, केतकी. वर्ष संपलं की पोरं पुढच्या वर्गात जायची आणि रस्त्यात दिसली तर ओळख द्यायला लाजायची. तूसुद्धा गरज पडली तेव्हा आलीस. आता कुठे कोणी माझ्यासाठी धावत येतंय, तर ते काढून घ्यायला निघालात?"

केतकीचे डोळे भरले. निघताना ती दारात थांबून म्हणाली, "इथूनच एका आईचा रोज फोन येतो. तिची मुलगी हल्ली संध्याकाळी तुमच्याकडेच असते म्हणते."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर गोड बोलायचं, पोर आपल्या गळ्यात घालायची आणि मागून तक्रारी करायच्या! सानिका आली की चांगली खरडपट्टी काढायची, असं त्यांनी पक्कं ठरवलं.

*

दुसऱ्या दिवशी सानिका नेहमीपेक्षा लवकर सुटली. ती गच्चीत आली तेव्हा खेळ रंगात होता. रेवूने आईला पाहिलं, हात हलवला आणि पुढची उडी मारली. ती चुकली. पाय मुडपला आणि पोर गुडघ्यावर आपटली. सालटं निघालं, रक्त आलं.

सानिका दारातच होती. तिने हातातला डबा टाकला, खाली बसली आणि दोन्ही हात पसरले. रेवू रडत उठली, लंगडत निघाली. आई वाटेतच होती. तिच्या पसरलेल्या हाताला पोरीचा फ्रॉक घासून गेला, पण रेवू थांबली नाही. ती पलीकडे उभ्या असलेल्या बाईंकडे गेली आणि त्यांच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडू लागली.

सानिका तशीच बसून राहिली. हात खाली घ्यायचंसुद्धा तिला काही क्षण सुचलं नाही.

बाईंनी जखम धुतली, हळद लावली. पोर मांडीवर झोपी गेली तेव्हा काढायची ठरवलेली खरडपट्टी त्यांच्या तोंडून निघेना. सानिकाच बोलली.

"फोन मीच केलावता, बाई. तुमच्या तोंडावर कसं सांगू? पोर तुमच्या जिवावर सोडून कामाला जाती मी."

"हं."

"ते नका म्हणू," सानिका पटकन म्हणाली. मग तिचं तिलाच वाईट वाटलं. "परवा ही झोपंत हसली. मला वाटलं माझं सपान पडलं असंल. उठल्यावर विचारलं, तर म्हणती, बाई होत्या. म्हटलं, आनि मी? मी नव्हते व्हय? तर चांगला विचार करून म्हणती, तू डबा भरत होतीस." ती हसायला गेली आणि तिला रडू फुटलं. "खरंच भरत असती ओ मी. दुसरं काय करती मी? पाढे म्हणून घ्यायला येळ न्हाई म्हणून उशी आनली. पाढे आले. पोर गेली."

बाईंनी मांडीवरच्या रेवूकडे पाहिलं. पोरीचा एक हात त्यांच्या पदराला घट्ट धरून होता. त्यांनी एकेक बोट सोडवलं, पोर उचलली आणि सानिकाच्या मांडीवर ठेवली. पोर झोपेत कुरकुरली. बाई काही बोलल्या नाहीत. आपण बोललो तर ती शांत होईल हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच बोलल्या नाहीत.

रेवू बराच वेळ कुरकुरत राहिली. सानिका तिला थोपटत राहिली. बाई उठून टाकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

*

"एकदम बंद करता येत नाही," बाई आपणहून पुण्याला आल्या तेव्हा केतकी म्हणाली. "काही घरांत आयांनी उशी बंद करून बघितलीय. मुलं रात्रभर दचकून उठली आणि पाढेही विसरली. आठवण पुन्हा उचलली जाते तेव्हा ती थोडा वेळ ओली असते, मातीसारखी. त्याच वेळी तिला दुसरं काही जोडता येतं. म्हणजे आवाज तुमचाच लागणार, आणि त्याच्या पाठोपाठ आईचा."

"परवचा," बाई म्हणाल्या.

"काय?"

"आमच्याकडे दिवेलागणीला परवचा असायचा. वडील बाहेरच्या खोलीतून पाढा सुरू करायचे. मधे ते देवाला दिवा लावायला उठले, की आई स्वयंपाकघरातून तिथून पुढे उचलायची. पाढा तुटायचा नाही. माणूस बदललेला आम्हाला कळायचाही नाही."

तसंच करायचं ठरलं. ज्या ज्या घरात उशी होती तिथल्या आयांनी, काही घरांत बापांनी, आज्यांनी, आपापल्या आवाजात पाढे म्हणून पाठवायचे. पहिल्या रात्री प्रश्न बाईंचा आणि उत्तर आईचं. मग अर्धा प्रश्नही आईचा. मग बाईंचा एखादाच शब्द. शेवटी बाईंचा आवाज यायचा तो नुसता येण्यापुरता, त्यात बाई असायच्या नाहीत.

हे शेवटचंच जमेना. काचेच्या खोलीत बाई पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "नऊ चोक." केतकी पलीकडून मान हलवत होती. शब्द बरोबर होता, पण मुलं त्या आवाजाकडे किती ओढली जातील ते मोजणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर रेघ वर चढत होती. बाईंनी रागावून म्हणून पाहिलं, कंटाळून म्हणून पाहिलं. रेघ चढायचीच. पोरांना रागावलेल्या बाईही हव्या होत्या.

"बाई, तुम्ही बोलताना कोणाला बघता?" केतकीने विचारलं.

"रेवूला. नाहीतर वर्गाला. कोणीतरी पोर समोर असतंच."

"समोर कोणी नाही असं समजून म्हणाल?"

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. त्यांना इचलकरंजीचं आपलं घर दिसलं. टीव्हीचा उजेड, एकच ताट, आणि चहा टाकते असं भिंतीला सांगणारी एक बाई. समजायची काही गरजच नव्हती.

"नऊ चोक," त्या म्हणाल्या.

पडद्यावरची रेघ सपाट राहिली. केतकीने अंगठा वर केला आणि मग तोंड फिरवून बराच वेळ कुठल्याशा वायरी नीट करत बसली. नऊ पाचे, नऊ सक्कं, बाई म्हणत गेल्या. संध्याकाळपर्यंत सगळं काम उरकलं.

*

फरक हळूहळू पडला. आधी मंडईतली पोरं नुसती वळून बघायची, जवळ यायची नाहीत. मग वळायचीही थांबली. बाई आता रुक्मिणीशी खुशाल घासाघीस करू शकत होत्या. "शाळा सुटली म्हणायची," रुक्मिणी एकदा म्हणाली आणि तिने गवारीवर मूठभर मिरच्या जास्त टाकल्या.

रेवू काही दिवस येत राहिली. मग एकाआड एक दिवस. एकदा ती खेळता खेळता म्हणाली, "आई आली असंल," आणि सागरगोटे तसेच टाकून खाली पळाली. सानिकाने गिरणीत सकाळची पाळी मागून घेतली होती, तेव्हा पोरीला कोणाकडे बसवायची गरजही उरली नव्हती. बाई बोलावू शकल्या असत्या. त्यांनी बोलावलं नाही. पावसात खडूची टिक्कर वाहून गेली, आणि टीव्ही पुन्हा सकाळपासून लागायला लागला.

संक्रांतीला दारावरची घंटी वाजली. दारात सानिका होती, काळी चंद्रकळा नेसलेली. हातात तिळगुळाचा डबा, मागे रेवू. पोर बोटभर उंच झाली होती.

"या, या," बाई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच.

"बाईंच्या पाया पड, रेवू."

रेवू पुढे आली, पटकन वाकली आणि परत आईच्या मागे जाऊन पदराआडून बघू लागली.

"ओळखलंस का मला?" बाईंनी विचारलं.

मोठ्या माणसांनी विचारलं की मुलं हलवतात तशी रेवूने मान हलवली.

"असं काय करालीस गं?" सानिका ओशाळली. "बाई न्हवं का आपल्या? गच्चीत खेळायचीस की! लाजायला लागलीय ओ हल्ली, नव्या मानसास्नी…" म्हणता म्हणता ती थांबली.

"असू दे," बाई म्हणाल्या. "मुलं लाजायचीच."

त्यांनी तिळगूळ घेतला, रेवूच्या हातावर हलवा ठेवला. तिथेच थांबायला हवं होतं, हे त्यांना कळत होतं. पण राहवलं नाही.

"रेवू, नऊ आठे किती गं?"

रेवूने बाईंकडे पाहिलं. लग्नाकार्यात कोणीही भेटलं की पाढे विचारतं, त्यातल्याच या एक आजी, असं ते पाहणं होतं. मग तिने आईचा हात ओढून तिला खाली वाकवलं आणि कानात काहीतरी सांगितलं.

सानिकाला सरळ व्हायला वेळ लागला. तिचे डोळे भरून आले होते.

"बहात्तर म्हणती," ती म्हणाली.

"बरोबर," बाई म्हणाल्या.

रेवूने तिकडे पाहिलं नाही. बरोबर असल्याचं तिला आईच्या चेहऱ्यावरून आधीच कळलं होतं.